गंगुबाईचा टोप

दि. ५ नोव्हेंबर १८९४
माझा चेहरा शाळेला शोभत नाही म्हणून मला काढले. त्या संतापाने ही रोजनिशी सुरू करते आहे. ट्रेनिंग कॉलेजातून मी पास झाले त्याला वीस वर्षे होऊन गेली. शाळेचे सेक्रेटरी रामचंद्रपंत म्हणाले, बक्षीस समारंभाला मडमा येतात, पुढे तरतरीत मुद्रा हवी. त्यांचे स्वतःचे दात केव्हाच पडले आहेत. ते कोणाला खुपत नाहीत.

असो. ठाकूरद्वारला कुशाबांच्या नाटक कंपनीत लुगडी नेसून बायकांची सोंगे करणाऱ्या मुलांना शुद्ध बोलायला शिकवण्याचे काम मिळाले. माडीवरची खोली हवेशीर आहे. मुले गोड, रागावले तरी हसतात. आज मन प्रसन्न आहे.

दि. ९
नाटक पाहिले. जयवंत म्हातारीचे सोंग करतो. पिटातले, स्वस्त तिकिटांचे प्रेक्षक ओरडत होते, "ए म्हातारे, तोंड झाक, पोरं दचकतात!" दोघांनी वळून माझ्याकडेही पाहिले.

त्याच्या डोक्यावरचा टोप खऱ्या पांढऱ्या केसांचा. कुशाबांनी हसत हसत सांगितले, केस गंगुबाईचे, कंपनीची लुगडी धुणारीचे. कापसाच्या टोपाला लोक हसेनात. ती तापात पडली तेव्हा डॉक्टरांचा हुकूम आहे अशी थाप मारून जयवंताने कापले. बरी झाल्यावर तिने विंगेतून आपले केस पाहिले, लोकांचे हसणे ऐकले. मग तिने डोक्यावरचा पदर काढला नाही आणि अन्नही घेतले नाही. त्यातच गेली.

दि. १४
टोपाची निगा मी मागून घेतली. तेल लावून विंचरते. केस हाताला उबदार लागतात.

जयवंताची तक्रार, सोंगासाठी तोंडावर काढलेल्या काजळाच्या रेघा खोबरेलाने निघत नाहीत. मी स्वतः पुसून पाहिल्या. रेघा नव्हत्या, सुरकुत्या होत्या. तो तिशीचाही नाही.

दि. २१
जयवंताचे दात हातात आले. बायकोने घरात घेतले नाही. वाडीतली पोरे मागे लागली, "म्हातारे, तोंड झाक!" टोपाचे केस वाढले आहेत. कुशाबांना सांगितले. म्हणाले, बाई, थिएटर भरतंय, गप्प बसा.

टोप जाळावा असे वाटले. विंचरला—

दि. २४
जयवंत भिंतीकडे तोंड करून बसतो. पाठ वाकली. अंगावर घ्यायला पदर मागतो. गंगुबाईची माफी—

विंचरताना केस माझी बोटे धरतात. सोडत नाहीत. मला भीती—

दि. २६
रामचंद्रपंत आले. शाळेच्या संमेलनात माझी नक्कल करणार आहेत. स्वतः. म्हणाले, "राधाबाई, तुमचं थोबाड जमवायचं तर टोप हवाच की हो!" कुशाबा खो खो हसले. टोप द्या म्हणाले.

सांगावे का— आत जयवंत कण्हत होता. एका शब्दाने हे टळले असते. आरशात माझे तोंड पाहिले.

सांगितले नाही.

सोपवले: टोप एक, तेल लावून, नीट विंचरून. फणी एक. घेणार: रामचंद्रपंत, सेक्रेटरी. सही घेतली.

त्यांनी तो इथेच चढवला. अगदी मापात बसला. आरशात पाहून हसले. आता काढताहेत. दोन्ही हातांनी. निघत—