हलवण्याचा हक्क

सेंगकांग, ४ मार्च

चि. मक्कुलाव यास,
सलाम आणि अनेक आशीर्वाद. मोबाइलवर लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून हे पत्र.

तुमच्या कंपनीचा नक्षी काढायचा प्रोग्राम मी बिघडवला. आमच्या विणकाम केंद्रातल्या संगणकाची एक डिस्क गच्च भरली आहे, दुसरी रिकामी. शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांनी हाजी लातिफचं लाकडी घर आख्खंच खांद्यावर उचलून पलीकडच्या गल्लीत नेलं. ते पाहून मी आले आणि प्रोग्रामही तसाच उचलून रिकाम्या डिस्कवर ठेवला. आता उघडत नाही. लग्नात नेसायच्या सारोंगची नक्षी आत अडकली आहे, आणि आमची विणकर इंदो हलिमा रिकाम्या मागापुढे बसून मला टोमणे मारते. आधी विचारायला हवं होतं का? कदाचित. पण आपल्याच संगणकात परवानगी कोणाची मागायची?

वेळेवर जेवत जा.
तुझी दाएंग, थोरली बहीण,
बेस्से

मकास्सर, ९ मार्च

ती. दाएंग हिस,
सा. सलाम वि. वि. प्रोग्राम जुन्या जागी ठेव, उघडेल. मग जुन्या नक्ष्या पुसून जागा कर. प्रोग्राम त्या स्वतःजवळच ठेवतो, दुसऱ्या डिस्कवर नेता येत नाहीत. नाहीतर नवा संगणक घ्या. साहेब म्हणतात, लोकांना हलवू दिलं की ते मोडतात आणि फोन आपल्याला करतात. तू तरी दुसरं काय केलंस, दाएंग? आपली घरं दगडांवर नुसती टेकलेली असतात. प्रोग्राम आपला पत्ता संगणकात ठिकठिकाणी लिहून ठेवतो. त्याचे खांब पुरलेले.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
मक्कुलाव

सेंगकांग, १३ मार्च

चि. मक्कुलाव यास,
आशीर्वाद. उघडला. माग सुरू झाला. पण पुसणार मी काहीही नाही. त्या नक्ष्या काढणाऱ्या कितीतरी बायका आता हयात नाहीत. हा माझा हट्ट तर नाही ना, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. हट्टच आहे. असू दे. खांब पुरले कोणी? तुम्हीच ना? मग तुम्हीच उपटा. माझ्या हातून मोडलं तर मी निस्तरीन, पण हलवायचं की नाही ते मी ठरवणार. हे साहेबांना सांगायला घाबरतोस का रे?

तरीही तुझीच,
बेस्से

मकास्सर, २० मार्च

ती. दाएंग हिस,
सा. सलाम वि. वि. बैठकीत बोललो. हलवायची सोय द्यायलाच हवी, म्हणालो. साहेबांनी विचारलं, लोकांनी मोडलं की फोन कोण उचलणार? मी म्हणालो, मी.

साहेबांनी सोय मान्य केली, पण उद्यापासून माझं टेबल फोनच्या खोलीत. प्रोग्राम लिहायचं काम दुसऱ्याकडे गेलं. पण पुढच्या खेपेस तुमच्याकडे येईल तो हलवता येणारा असेल. बिघडलाच, तर इंदो हलिमाला म्हणावं, खुशाल ओरड. फोनच्या पलीकडे मीच आहे.

लोभ आहेच, तो ओरडतानाही असावा.
तुझा,
मक्कुलाव