रूपेशसाठी बघितलेली मुलगी

३ फेब्रुवारी, शनिवार

घरमालकीण यशोदाबाईंनी रूपेशला पांढरा शर्ट आणला आणि वर माझ्या खोलीत दाखवायला घेऊन आल्या. "पंढरी, बरा हाय ना रं रंग?" घालणाऱ्याला दिसत नाही, म्हणून विचारायचं मला. मला शर्ट कोण आणणार? आई हिंगोलीत, मी इथं जासईत.

त्यांचा रूपेश जन्मापासून आंधळा. माझ्याच वयाचा. पण जुईनगरला बँकेत कायम! फोन त्याला सगळं वाचून दाखवतो. बोंबील स्वतः तळतो. बसमध्ये लोक उठून जागा देतात, तर ह्याला त्याचा राग येतो! मला द्या ना मग. मी दोन चांगल्या डोळ्यांचा, सातवीपर्यंत शिकलेला, दिवसभर यार्डात उन्हात कंटेनरचे नंबर टिपतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन. अजून एका मुलीकडच्यांचा नकार. "यार्ड म्हंजे काय, असं इचारतेत बाबा."

आणि खाली रूपेशला खांदेश्वरचं स्थळ आलंय. मनस्वी नाव. शिवणाचा क्लास घेते. चांगली डोळस!

८ फेब्रुवारी, गुरुवार

रूपेश वर आला. कठड्याला हात न लावता. म्हणाला, रविवारी मुलगी बघायला तू चल.

म्हटलं, "मी? मी कोण तुमचा?"

"म्हणूनच. आमच्या घरचे कुठल्याही पोरीला छानच म्हणतील, त्यांना मला एकदाचा उजवायचाय. तू खरं सांगशील."

"तुला काय, गोरी काय नि काळी काय!"

हसला. "ते नको सांगू. मी बोलत असताना ती कुठं बघते, तेवढंच सांग. लोक तोंडावर गोड बोलतात रे. मागनं काय खुणा करतात ते आमाला नाय कळत."

बरं म्हटलं. काय करणार.

११ फेब्रुवारी, रविवार

सगळंच लिहितो.

घरचे रूपेशच्या मामाच्या गाडीतून पुढे गेले होते. निघताना जिन्यात त्याने विचारलं, "शर्ट ठीक आहे ना?" खिशाखाली दुपारच्या कालवणाचा डाग होता, रुपयाएवढा. मला स्वच्छ दिसला. म्हटलं, "एकदम हीरो!"

दार मनस्वीच्या बहिणीनं, अस्मितानं उघडलं. बसलो. त्यांचे काका हौसेराव सगळं मलाच विचारत होते. "ह्यांना चहात साखर चालते का? ह्यांना कपडे घालायला कोण लागतं?" रूपेश बाजूलाच! शेवटी तो म्हणाला, "काका, मला ऐकू येतं." माणूस जरा चपापला, आणि परत माझ्याकडेच बघून म्हणाला, "बरं बरं, रागावू नका म्हणावं."

मनस्वी पोहे घेऊन आली. काका सवयीने बोलून गेले, "जरा चालून दाखव, बाळा." मग जीभ चावून मला म्हणाले, "तुम्ही बघून घ्या." ती चालली. मी बघितलं. काय सांगू! पहिल्यांदाच कोणी मला मुलगी दाखवत होतं, आणि तीही दुसऱ्यासाठी.

तिने रूपेशला सांगितलं, "डिश उजव्या हाताला ठेवलीय. मिरच्या काढल्यात." मग अगदी साधेपणाने, "खिशाखाली डाग पडलाय. ओलं फडकं देऊ?"

यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. रूपेशने तोंड वळवलं. बरोब्बर माझ्याकडे.

येतानाही घरचे गाडीतून पुढे. आम्ही दोघं रिक्षात.

"सांग. कुठं बघत होती?"

तुझ्याकडे. पूर्ण वेळ, फक्त तुझ्याकडे! माझ्याकडे एकदाही नाही. हे खरं.

मी म्हटलं, "बहिणीकडं. तू बोलायला लागलास की तिला कोपरानं ढोसायची. हसायच्या दोघी."

"आणि डाग?"

"जिन्यात अंधार होता."

जासई येईपर्यंत तो अंगठ्याने खिशाखालचा डाग चोळत राहिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

यार्डात दोन नंबर चुकले. सुपरवायझर म्हणाला, "डोळे गावाला ठेवून आलास काय बे?" रूपेश नकार कळवणार वाटतं. बरं झालं. — नाही, बरं नाही वाटत.

१४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी रूपेश दारात उभा. आत ये म्हटलं, आला नाही.

"अस्मिता दार उघडून आत गेली ती गेलीच. आपण निघेपर्यंत कढई घासत होती, मला ऐकू येत होतं. मनस्वी ढोसत कोणाला होती?"

माझ्या ध्यानातच नव्हतं. मी बघत होतो एकीलाच!

"मी फोन केला मनस्वीला. साखरपुडा ठरलाय." वळता वळता, "आवडली होती का तुला?"

मी दाराची कडी खालीवर करत राहिलो. त्याला तेवढं पुरलं असावं. खाली गेला.

शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. चिडायचं सोडून विचारतो काय! त्याच्याकडे हेही आहे. माझ्याकडे हेही नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अंगणात यशोदाबाई तावातावाने बोलत होत्या. "आजच खोली खाली करायला सांगते त्याला. खोटारडा मेला! पोराचा संसार मोडत व्हता."

खिडकीतून ऐकलं. मग रूपेशचा आवाज, हळू —

"राहू दे, आये. त्याला हितं कोन हाय?"