बाबांचं ‘हाव’

नागपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. गोपालदादास,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्या पाया न पडता निघाले, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. चिखली येईपर्यंत एस्टीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते, तरी तो वास नाकातून जाईना.

बाबांच्या लुळ्या हाताला कबुतराचं रक्त चोळतात! शी! बोटांच्या बेचक्यांत काळं वाळलेलं, गोधडीला घाण वास, वर माशा. ते चोळायला येणारी जनकाबाई म्हणते, एकवीस दिवसांत लकवा उतरतो. तिचं सोड, ती अडाणी आहे. तू बी.एस्सी. झालेला माणूस, परात धरून उभा होतास. मला तुझी किळस आली, दादा.

मेंदूला इजा झालेल्या, लकवा मारलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, हेच मी इथे इस्पितळात शिकते आहे. रोज दुसऱ्यांच्या वडिलांना चालवते. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात आणि आपले दोन तसेच गेले. वॉर्डात बाबांसाठी खाट मिळते आहे, ती आठवडाभरच राहील. तर तुझं एकच पालुपद, ‘बाबांलेच इचारलं ना, ते हाव म्हन्ले.’

अरे, लकव्यानंतर त्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला आहे! ते म्हैस आहेत का, असं विचारून बघ. तरी हावच म्हणतील.

आईला नमस्कार. तुझ्यावर राग आहे, तो मनात धरून वाच.

तुझी,
अनुपमा


अमडापूर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमास,
न मागता अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. मग बाबांना खरंच म्हशीचं विचारलं. ते हाव म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन महिने त्या शब्दाला मी त्यांचा होकार समजत होतो. मलाच माझी लाज वाटली.

तरी आईचं ऐकून काल जनकाबाईला येऊ दिलं. आता सातच दिवस राह्यले, पुरे करून घेऊ, असं तिचं म्हणणं. परात जवळ येताच बाबांनी डाव्या हाताने ती ढकलली आणि स्पष्ट म्हणाले, शी! अंगणभर रक्त सांडलं. आई म्हणते, तू लहानपणी त्यांच्या मांडीवर घाण करायचीस तेव्हा अगदी असंच म्हणायचे.

जनकाबाई तणतणत गेली. मग मी आणि आई त्यांच्यापाशी बसलो. जनकाबाईला पुन्हा बोलवायचं का, विचारलं तर शी. तुम्ही म्हैस आहात का? शी. गोपाल शहाणा आहे का, हे आईने विचारलं. त्यालाही शीच, आणि वर अर्ध्या तोंडाने हसले.

शेवटी विचारलं, अनूकडे नागपूरला जायचं का? डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, हाव.

उद्या सकाळी गाडी करून निघतो, हे पत्र मीच तुझ्या हातात देईन, आधी ते वाच. त्यांचे हात आईने गरम पाण्याने तीनदा धुतले आहेत, तरी वास पूर्ण गेलेला नाही. तू नाक मुरडू नकोस, आणि मुरडलंस तर माझ्याकडे बघून मुरड.

तुझा,
गोपालदादा