माझे छत्तीस फोटो

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. जेवते, झोपते, देवापुढे बसते. जप सवयीनं पुरा होतो, एवढंच. हे गेले तरी रडू आलं नाही म्हणून शेजारीण काळजी करते. मी तिला म्हटलं, येईल तेव्हा येईल, त्याला काय बोलावणं धाडू?

स्टुडिओ परवा रिकामा केला. खुर्ची, पडदा आणि दोन दिवे नव्या भाडेकरूनं ठेवून घेतले. कॅमेरा तेवढा घरी आणला, पुसून कपाटात ठेवला. लहानपणी तू विचारायचीस, बाबा भिंगातून न बघता बाजूच्या खिडकीतून का बघतात. त्या कॅमेऱ्याची रीतच तशी. खिडकीत एकाच माणसाचे दोन चेहरे दिसतात, एक ठळक, एक पुसट. भिंगाभोवतीचं कडं फिरवत ते एकावर एक आणायचे, मग बटण दाबायचं. पण भिंगावर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं आणि रोल कोरा जातो. आमच्या लग्नानंतर एका नवरदेवाचा रोल तसा गेला, तेव्हापासून झाकण माझ्याकडे. गिऱ्हाईक बसलं की मी ते काढून मुठीत धरायची, फोटो संपेपर्यंत. हे लोकांना सांगायचे, "कॅमेरा माझा, पण झाकणावर हुकूम घरच्यांचा."

माझा फोटो काढतो म्हणाले, की मीच अडवायची. घरच्या माणसावर कशाला रोल घालवता? काटकसर अंगात मुरलेली. अशी चाळीस वर्षं गेली.

शेवटी यांना माणसं ओळखू येईनात, ते तू पाहिलंस. तुला एक सांगितलं नव्हतं, मलाही ते "बाई" म्हणायचे. "बाई, आमच्या घरी जरा निरोप द्याल का, मी इथे आहे म्हणून?" मी हो म्हणायची.

एका सकाळी मात्र कॅमेरा मागितला. रोल स्वतः भरला, हात कुठे अडखळला नाही. मला उजेडातल्या खुर्चीत बसवलं. डोळा लावला, कडं फिरवलं आणि मला नावानं हाक मारली. म्हणाले, "आलीस होय? किती वेळ दोन-दोन दिसत होतीस. आता हलू नकोस." मग छत्तीसच्या छत्तीस फोटो माझे काढले. "हनुवटी वर घे. तुझे वडील म्हणतील, पोरीला जेवायला घालत नाही वाटतं."

तोच रोल तू जाताना घेऊन गेलीस. शनिवारी धुऊन मिळेल आणि फ्रेमही आणून ठेवलीस, असं लिहिलंयस, म्हणून आज बसले लिहायला. त्यावर काही नसेल. झाकण भिंगावरच होतं. मी खुर्चीत, मग ते काढणार कोण? मला समोरून दिसत होतं, पहिल्या फोटोपासून. सांगितलं असतं, तर यांनी डोळा खिडकीवरून काढला असता. परत लावल्यावर मी दिसले असते की कोणी बाई, कुणास ठाऊक. म्हणून हलले नाही. दुकानदाराशी भांडू नकोस, त्याची काही चूक नाही. यांचीही नाही. आरपार दिसेल अशी स्वच्छ पट्टी हातात येईल. ती टाकू नकोस, येताना घेऊन ये. ते माझे फोटो आहेत.

तुझीच,
आई