अकरा डुकरं आणि तेवीस तारीख

सोमवार, ८ जुलै

तारीख मिळाली — मंगळवार, तेवीस! कत्तलखान्यातली बाई फोनवर म्हणाली, "कुणीतरी रद्द केली म्हणून हं. नाहीतर तुम्हाला नोव्हेंबरच होता." अकराही डुकरं एकदम घेतायत. मी तिचे तीनदा आभार मानले. चौथ्यांदा मानणार तेवढ्यात तिने फोन ठेवला.

म्हणजे आता सगळं जुळलं. गोऱ्हे आणि चराऊ रान एक ऑगस्टपासून शेजारची कोलीन खंडाने घेणार. बाबा डेलोरेन गावी, दोन खोल्यांच्या घरात. मी त्याच दिवशी होबार्टला, शेतीच्या साप्ताहिकात, पुन्हा संपादनाच्या टेबलावर. अडकलं होतं ते फक्त डुकरांवर. कोलीनला विचारून पाहिलं होतं. म्हणाली, "गोऱ्हे दे, कुंपण दे, म्हाताऱ्यालासुद्धा रविवारी जेवायला पाठव. डुकरं नकोत बाई. एक आहे घरात, सोफ्यावर."

आई गेली तेव्हा सहा आठवड्यांसाठी आले होते. चार वर्षं झाली.

मंगळवार, ९ जुलै

ऐन हिवाळा, दव गोठलेलं. कुंपणाची वीजतार पुढे सरकवली, गोऱ्हे नव्या पट्ट्यात सोडले. बोटं बधिर. बाबांना तारीख सांगितली. "बरं," म्हणाले. चहात साखर ढवळत बसले, विरघळून गेली तरी.

गुरुवार, ११ जुलै

गावातल्या आल्मा रिग्बीला अखेरचा निरोप दिला. त्र्याण्णव वर्षांची होती, त्यामुळे रडलं कुणी नाही, खाल्लं मात्र सगळ्यांनी. हॉलमध्ये नेहमीचंच — सॉसेज रोल, हॅमची सँडविचं, अंड्याची सँडविचं, केक. आणि तरी उरलं.

उरलंसुरलं बायकांनी बादलीत भरून बाबांच्या हातात दिलं. "आयव्हर, तुझ्या डुकरांना आल्माकडून!" ही साठ वर्षांची रीत. कायद्याने ती केव्हाच बंद केली. मांस लागलेला घास डुकराच्या पोटात गेला तर परमुलखातला रोग इथल्या गुराढोरांत शिरायला वेळ लागत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बायका बादली भरायच्या थांबल्या नाहीत आणि बाबांना नको म्हणवत नाही. ते घरी आणून खताच्या ढिगावर पालथी करतात. झालं.

मी कपडे बदलून तार बघायला गेले. बादली बाबांकडेच होती.

शुक्रवार, १२ जुलै

सकाळी टोस्टला लोणी लावता लावता बाबा म्हणाले, "कालचं एका मिनिटात फस्त केलं त्यांनी."

"कुणी? काय?"

"डुकरांनी. आल्माचं."

"बाबा, त्यात हॅम होतं!"

"होतं का?" सुरी बाजूला ठेवली. "एक्क्याऐंशी झालं मला, पोरी. विसरलो असेन."

विसरले! मी सात वर्षांची असताना डब्यातलं मटणाचं सँडविच डुकरांच्या कुंपणातून आत टाकलं होतं, तेव्हा याच माणसाने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तो एकच, आयुष्यात.

पंपाजवळ बादली धुऊन पालथी घातलेली. डुकरांपाशी जाऊन उभी राहिले. ती चिखलात पसरलेली, उन्हाकडे कूस करून. त्यांना काय विचारणार?

शनिवार, १३ जुलै

डुकरांबरोबर फॉर्म द्यावा लागतो. चौथ्या ओळीत विचारलंय — या जनावरांना मांस किंवा मांस लागलेलं काही खाऊ घातलंय का? हो. नाही. दोन चौकटी. खाली माझी सही, कारण सगळे व्यवहार आता मी बघते.

"नाही"वर खूण केली तर तेवीसला डुकरं जातील, एक ऑगस्टला मी जाईन. कुणाला कधीही कळणार नाही.

"हो"वर केली तर सरकारी डॉक्टर येणार, डुकरं जागच्या जागी अडकणार, तारीख जाणार. मग नोव्हेंबर. होबार्टवाले नोव्हेंबरपर्यंत थांबायचे नाहीत. शुक्रवारपर्यंत पक्कं कळवा म्हणालेत. त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा कोण बोलावतंय?

फॉर्म फ्रिजवर लावला. मग काढला, पुन्हा लावला. दूध घ्यायला जाताना दर वेळी दिसतो.

रविवार, १४ जुलै

कोलीन कुंपणाचे खांब मोजायला आली होती. तिला सांगून टाकलं.

"कर सही आणि सूट," ती म्हणाली. "हॅम काय बोटीतून आलं होतं? डेव्हनपोर्टच्या दुकानातलं होतं. मीच आणलं!"

"मग करू?"

"अगं, मी असते तर—"

"तू असतीस तर?"

खांबाला टेकून उभी राहिली.  

"मला नको विचारूस," म्हणाली शेवटी. "माझी दोनशे गुरं तुझ्या कुंपणाला लागून चरतात."

सोमवार, १५ जुलै

फॉर्म भरला. नाव, पत्ता, अकरा. चौथी ओळ सोडून.

मंगळवार, १६ जुलै

दिवसभर पाऊस. डुकरांचं फाटक चिखलात रुतलं, ते वर काढताना मीच गुडघ्यापर्यंत आत गेले. एक बूट अजून तिथेच आहे. एका बुटावर उभी राहून मोठ्याने शिव्या दिल्या — फाटकाला, पावसाला, आल्मा रिग्बीला. ती बिचारी सुटली.

दर वेळी हेच होतं. दोन वर्षांपूर्वी लाँसेस्टनला जागा होती, तेव्हा डुकरीण व्यायली आणि बाबांची पाठ धरली. गेल्या वर्षी घर बघून आले, त्याच आठवड्यात ते शिडीवरून पडले. माणूस पडला तर काय म्हणणार? रागावायलाही जागा नाही. कुणी कोंडलेलं नाही मला. फाटक उघडंच आहे. फक्त बाहेर पडायची वेळ आली की काहीतरी खायला मागतं, नाहीतर कण्हतं.

बाबा मात्र चार दिवस खुशीत आहेत. शीळ घालत बिजागऱ्यांना तेल देतायत. संध्याकाळी म्हणाले, "वसंतात कोपऱ्यातलं रान नांगरून सलगम पेरू या. डुकरांना आवडतात."

"डुकरं तेवीसला जातायत, बाबा."

"हो, हो. गेली तर."

बुधवार, १७ जुलै

सकाळी नऊला तीन फोन केले, एकामागून एक. थांबले असते तर हातून झालं नसतं.

पहिला सरकारी पशुवैद्यांना. बाई भली वाटली. "सांगितलंत ते बरं केलंत. उद्या येते. तोवर एकही जनावर हलवू नका."

दुसरा कत्तलखान्याला. दहा मिनिटांनी तिचाच उलटा फोन — तारीख दुसऱ्याला दिली, नोव्हेंबरात तुमचं नाव घालू ना?

तिसरा होबार्टला. "येत नाही," म्हटलं. तिकडचा संपादक जुना ओळखीचा आहे. म्हणाला, "जाहिरात सोमवारी देतो. तोवर मन बदललं तर बघ." मी म्हटलं, मनाचा प्रश्नच नाहीये.

बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "योग्य केलंस. तू अशीच आहेस." अंडी तळली माझ्यासाठी. चार वर्षांत पहिल्यांदा. "पण डॉक्टर कशाला यायला हवी?" असंही विचारलं. दोनदा.

अंडी चांगली झाली होती. जेवले आणि अंधार पडायच्या आत झोपले.

गुरुवार, १८ जुलै

डॉक्टरबाईंनी वही उघडून विचारलं, "मिस्टर प्रोसर, नक्की किती खाल्लं त्यांनी?" बाबा उत्तर न देता फावडं घेऊन शेडमागे निघाले. आम्ही दोघी मागून. बिहीच्या झाडाखाली खणलं. हातभर खोल सगळं होतं — सॉसेज रोल, हॅम, अख्खी सँडविचं. थंडीने जसंच्या तसं.

"डुकरांना एक तुकडासुद्धा नाही घातला," ते बाईंना म्हणाले. "सरकारशी खोटं बोलवत नाही." मग माझ्याकडे न बघता, "ही खोटी सही करणार नाही, ठाऊक होतं मला."

बाईंनी वही मिटली.

मी घरात येऊन होबार्टला फोन लावला. एक तारीख कशाला, सोमवारीच येते म्हटलं. डुकरं नोव्हेंबरपर्यंत बाबांची.