खारं पाणी आत येतंय

१२ मार्च

झालं! सगळ्यांनी मान्य केलं! खालच्या खोऱ्यातले शेतीचे सगळे पंप पाऊस येईपर्यंत बंद. श्रेय माझं नाही, दादाचं. मी आपली नकाशे दाखवून घसा कोरडा करत होते — जमिनीखालचं गोडं पाणी समुद्राला थोपवून धरतं, आपण ते उपसलं की खारं पाणी खालून आत सरकतं — आणि लोक जांभया देत होते. मग दादा उठला. "आधी माझा पंप बंद करा. बारके, चल, सील तुझ्याच हाताने लाव."

सगळी सभा आमच्या मागून त्याच्या मळ्यावर. मी तार ओवली, शिसं दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एकही जण मागे हटला नाही. पाणी समितीची भूजल अधिकारी म्हणून इतकी वर्षं घालवली, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता. माझा भाऊ!

२८ मार्च

खाडीजवळच्या तपासणी-बोअरमधला खारटपणा वाढायचा थांबलाय. नुसता थांबलाय, तरी मी गाडीत एकटीच गाणं म्हणत घरी आले. त्या बोअरच्या मागेच गावाच्या पिण्याच्या विहिरी. तिथवर मीठ पोचलं की संपलं सगळं.

८ एप्रिल

खारटपणा वर. मीटर बदलून पाहिला. तरी वरच.

११ एप्रिल

बोअरमधली पातळी सकाळी उतरते, दुपारनंतर सावरते. आधी वाटलं, भरती-ओहोटी. पण भरतीची वेळ रोज पुढे सरकते, हिची सरकत नाही. म्हणजे कुणीतरी उपसतंय. सभेत हात वर केलेलंच कुणीतरी!

दादाला फोन केला. अशा वेळी आणखी कुणाला करणार? तो म्हणाला, "फुलवाल्याकडे बघ. बोअरला लागून त्याचीच जमीन आहे." खरंच की. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

१४ एप्रिल

सभेत सगळ्यांसमोर फुलवाल्याला विचारलं. विचारलं कसलं, झोडपलं. "तुमच्या फुलांसाठी गावाच्या तोंडचं पाणी काढता?" असं काहीतरी बोलून गेले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग दादाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

बाहेर आल्यावर दादाने पाठ थोपटली. "शाब्बास बारके. कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

१५ एप्रिल

फुलवाल्याच्या शेतावर गेले, पंप तपासायला. सील शाबूत. वाफ्यांतली माती तडकून पापुद्रे सुटलेत, झाडांच्या नुसत्या काड्या उरल्यात. त्याची बायको भांडी विसळलेलं पाणी मगाने पुढच्या हंगामाच्या रोपांना घालत होती. एकेका रोपाला जपून, जणू तान्ह्या बाळांना पाजतेय.

मला बघून तिने हातातला मग खाली ठेवला. "उन्हातून आलात. पाणी देऊ?"

माफी मागायची होती. नको म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

१७ एप्रिल

मग कोण?

१९ एप्रिल

आता लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी दादाकडे गेले होते. त्याच्याजवळ रडायला! फुलवाल्याला उगाच बोलले, आता कुठल्या तोंडाने जाऊ, हे सांगायला. तो घरात नव्हता. वहिनी म्हणाली, "येईलच इतक्यात, तू बस ना, बस." एरवी ती मला बसायला सांगत नाही, सरळ कामाला लावते. मी मागच्या शेडकडे गेले.

भाजी भरायचे क्रेट भिंतीला लावून ठेवले होते. त्यांच्या खालची फरशी ओली. एवढ्या उन्हाळ्यात, पाणी नसलेल्या शेडमध्ये! क्रेट सरकवले. मागे पाइप. पाइपाला घाम फुटलेला, थंडगार. हात ठेवला तर थरथरत होता.

नवी बोअर. शेडच्या आत. सील मी जुन्या पंपाला लावलं होतं. पाइप मागच्या जाळीच्या मांडवात जातो, तिथे मी कधी डोकावलेसुद्धा नाही. माझ्याच भावाचा मळा मी कशाला तपासू?

दादा दारात उभा होता. कधी आला कळलं नाही.

"बारके, ओरडू नकोस. आधी ऐक."

"कधी मारलीस?"

"सभेच्या आधीच मारली होती. म्हटलं, हाताशी असू दे."

आधीच! म्हणजे "आधी माझा पंप बंद करा" म्हणाला तेव्हा ही तयार होती.

"आणि फुलवाल्याचं नाव?"

तो सरकवलेले क्रेट परत जागेवर लावायला लागला. मग म्हणाला, "अगं, सगळ्यांनी बंद केलेत ना? मग माझ्या एकट्याने असा काय फरक पडतो?"

मी म्हणाले, "सगळ्यांनी तुझ्याकडे बघून बंद केले, दादा."

"तेच तर. तुझं काम झालं की नाही?"

लहानपणी ओढ्यात पोहायला शिकवताना हाच म्हणायचा, मी धरलंय, घाबरू नकोस. आणि खरंच धरलेलं असायचं. त्या माणसाला मी आज शेडमध्ये शोधत होते. दिसला नाही.

२० एप्रिल

आईचा फोन. वहिनीने सांगितलं असणार. "घरातलं घरात मिटव गं. तुला तो एकच भाऊ आहे."

मी म्हणाले, त्यालाही मी एकच बहीण आहे. आईने फोन ठेवला.

२२ एप्रिल

सभेत सांगितलं. नाव घेऊन. माझा भाऊ, त्याच्या शेडमधली बोअर, सगळं. फुलवाल्याची माफीही तिथेच मागितली. कुणी हूं की चूं केलं नाही. बसला असेल धक्का. दादा आलाच नव्हता.

दुपारी वायरमनने दादाच्या बोअरची वीज तोडली. वहिनीने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

२४ एप्रिल

उशीर झाला. पिण्याच्या विहिरींतली पहिली विहीर खारी निघाली. आज बंद केली. आता ती गोडी व्हायला किती वर्षं, मला सांगता येत नाही. आयाबाया कळशा घेऊन उभ्या होत्या, मी झाकणाला कुलूप घालत होते. दादाचं नाव कुणी घेतलं नाही. माझ्याशीही कुणी बोललं नाही.

२५ एप्रिल

फुलवाल्याकडे गेले, त्याच्या घरी, नीट माफी मागायला. म्हणाले, माझ्या भावाने आपल्या सगळ्यांनाच फसवलं.

तो म्हणाला, "आम्हाला कुठे फसवलं? रोज त्याची ताजी भाजी बाजारात जात होती. सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे."