तृप्त झालो म्हणण्याचं काम

बाबा, त्या गावातून तुम्हाला पितृपक्षाची बोलावणी यायची बंद झाली, ती माझ्यामुळे. मीच तिथे जाऊन सांगितलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत कारण शोधत राहिलात आणि मी समोर बसून गप्प राहिलो. आता मलाही साखर निघाली आहे. परवा डॉक्टरांनी खाण्याचा कागद हातात दिला. आधी भाजी आणि काकडी, मग वरण, भाकर शेवटी आणि तीही एकच, गोड बंद. तुम्हाला दिला होता तोच कागद.

त्या वर्षी तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नव्हती. मेहकरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, गोळी मी देतो, पण एकटी गोळी काय करेल? तोंड सांभाळा, नाहीतर अंगठा काढावा लागेल." तुम्ही मान हलवलीत. घरी आई वाटीने पीठ मोजू लागली. दोन भाकरींची एक झाली, चहातली साखर गेली, भात रविवारपुरता राहिला. तुम्ही कुरकुर केली नाहीत. महिन्याभरात जखम कडेने सुकायला लागली. मग भाद्रपद आला. मी म्हणालो, "यंदा श्राद्धाची जेवणं नका घेऊ." तुम्ही हसलात. "तो डॉक्टर घरचं जेवण सांगून राह्यला. पंधरा दिवस मी घरी जेवतोच कुठे?"

साखरखेर्ड्याकडच्या त्या गावी, पायाला जखम म्हणून, त्या वर्षी मीच तुम्हाला गाडीवर घेऊन गेलो. नवमीचं श्राद्ध, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या आईचं. मी दाराशी बसलो आहे आणि तुम्ही पाटावर. पानात पुरणपोळी, वडे, कढी, गवारीची भाजी आणि खीर. तुम्ही एक वडा बाजूला सारता. म्हातारा हात जोडून पुढे येतो. "महाराज, वडा काऊन सोडला? माय माही उपाशी उठन ना." तुम्ही वडा उचलता. तो पुन्हा खीर वाढतो, तुम्ही तीही घेता. शेवटी तो विचारतो, "झाली का तृप्ती, महाराज?" तुम्ही म्हणता, "तृप्त झालो." तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसतो. त्याच्या आईचं पोट तुमच्या पोटातून भरतं, हे त्याला माहीत आहे आणि तुम्हालाही. मी मात्र तुमच्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहतो आहे. घरी येऊन तपासलं तर मशीनवर साडेतीनशेच्या वर आकडा. तुम्ही म्हणालात, "पानात टाकलं तं समोरच्याचं तोंड कसं होते, पाह्यलं का तू कधी?"

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या गावी गेलो. म्हाताऱ्याला सांगितलं की बाबांना साखर आहे, अंगठा जायची वेळ आली आहे, इथून पुढे त्यांना गोड वाढू नका, गावातही सगळ्यांना सांगा. तो बिचारा घाबरला. "आधी सांगाचं ना बापा! आम्ही काय त्यायच्या जिवावर उठलो काय?" त्याने मला चहा पाजला, तोही बिनसाखरेचा. मी मोकळा होऊन परत आलो. भटजीच्या पोटी जन्मून मला एवढं कळलं नाही, की जो मेलेल्यांच्या वतीने जेवतो त्याला अर्धं पान वाढता येत नाही. त्या लोकांनी तुमचा अपमान केला नाही. त्यांनी तुमच्या जिवाची काळजी केली आणि दुसरे गुरुजी बोलावले.

पुढच्या वर्षीची नवमी. तुम्ही आंघोळ करून, सोवळं नेसून, नऊ वाजल्यापासून दाराशी बसला आहात. दरवर्षी दहापर्यंत तुम्हाला न्यायला तिथून कोणीतरी मोटरसायकलवर येतं. साडेदहाला तुम्ही विचारता, "फोन लागते ना रे आपला?" मी म्हणतो, लागतो. "त्यायच्या घरी कोणी आजारी तं नसन?" नसेल, मी म्हणतो. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तुम्ही उपरणं नीट करता. गाडी पुढे निघून जाते. असं चार वेळा झालं. आई स्वयंपाकघरातून मला खुणेने विचारते आणि मी पेपरात डोकं घालतो. साडेबाराला तिने तुमचं ताट वाढलं. अंबाडीची भाजी, काकडी, वरण, एक भाकर. दोन तासांनी मी साखर तपासली, एकशे अडतीस. मी आनंदाने मोठ्याने आकडा वाचला. तुम्ही म्हणालात, "घरी बसलेल्या माणसाची साखर नीटच राह्यते." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "माह्या मंत्रात काही चुकलं असन का रे?" त्या संध्याकाळी तुम्ही पोथी काढून श्राद्धाचा सगळा प्रयोग, मंत्रांसकट, पहिल्यापासून म्हणत बसलात, एकेका ओळीवर बोट ठेवून. मी दोन हात अंतरावर होतो. एक वाक्य पुरलं असतं.

अंगठा राहिला. पुढे सहा वर्षं तुम्ही दोन्ही पायांवर चाललात, डोळे शाबूत, किडन्या शाबूत. डॉक्टर इतर पेशंटना तुमचं उदाहरण द्यायचे. आज मी ऑफिसात पेढा नको म्हणतो आणि लोक लगेच डबा पुढच्या माणसाकडे सरकवतात. मी नको म्हटल्याने कोणाचे पितर उपाशी राहत नाहीत. मला हे किती सोपं आहे!

अंगठ्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण त्याच आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एक जण सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुमच्या बुवाचं बरं आहे बे, लोकायचे पितर अन् यायची दिवाळी! आमच्याकडं सहा पोळ्या हाणल्या." सगळे हसले. मीही हसलो. त्या गावाकडे गाडी वळवली तेव्हा मला तुमचा अंगठा वाचवायचा होता, आणि लोकांच्या घरी तुम्हाला जेवताना पुन्हा पाहायचंही नव्हतं. यातलं कोणतं जास्त होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

हे मी ऑफिसात बसून लिहितो आहे. हा कागद घरी नेणार नाही, फाडून टाकीन. आईला अजून चांगलं वाचता येतं, आणि ती आल्या-गेल्याला सांगते की पोरानं बापाचे पाय राखले. मी तिला एकदाही थांबवलेलं नाही.